उन्हाचं, वाऱ्याचं वेळापत्रक आणि आपला पंप

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. कृषी)



कामण, चिंचोटी, तुंगारेश्वरच्या पायथ्याची गावं, या भागात फिरताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "साहेब, आता जिकडे तिकडे सोलर झालं. ऊन तर फुकटच आहे. मग आम्हाला पाहिजे तेव्हा वीज का मिळत नाही? अमुक वेळेलाच पंप चालवा, हे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज खतं आणि बियाणं जरा बाजूला ठेवू या आणि विजेच्या वेळापत्रकाबद्दल बोलू या. उन्हाची आणि वाऱ्याची वीज किती येणार याचा अंदाज आधी कसा बांधतात, त्याचं वेळापत्रक कसं ठरतं, त्यासाठी नियम काय आहेत आणि या सगळ्याचा आपल्या वालाच्या, भाजीच्या, फुलांच्या पाण्याशी काय संबंध आहे, हे थोडक्यात पाहू.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. भात कणगीत साठवता येतं, पाणी तळ्यात साठवता येतं, पण तारेतली वीज तारेत साठवता येत नाही. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कुठेतरी वापरली गेली पाहिजे. राज्यातली, नव्हे सगळ्या देशातली वीज केंद्रं एकाच जाळ्याला जोडलेली आहेत. त्या जाळ्याला ग्रिड म्हणतात. एका औताला जुंपलेल्या बैलांप्रमाणे ही सारी केंद्रं एका चालीने चालतात. ही चाल मोजायचं माप म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ ठेवायची असते आणि ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच फरकात राहावी असा दंडक आहे. विजेची मागणी अचानक वाढली तर चढाला लागलेल्या गाडीसारखी चाल मंदावते. मागणी अचानक घटली तर उताराला लागल्यासारखी चाल वाढते. दोन्हीत धोका आहे. फरक फार झाला तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाजूला होतात, आणि एक बाजूला झालं की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पूर्व व ईशान्य भारताचंही वीजजाळं असंच कोसळलं होतं. काही राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली, हे त्यामागचं एक कारण होतं.

मग हा मेळ घालतो कोण? धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धतीचं जुनं सिंचन आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि कोणाच्या शेताला कधी किती द्यायचं हे पाटकरी ठरवतो. शेतकरी आपल्या मनाने दार उघडत नाही. विजेच्या जाळ्यालाही असा पाटकरी आहे. त्याचं नाव राज्य भार प्रेषण केंद्र. आपल्या महाराष्ट्राचं हे केंद्र ऐरोलीला आहे. तिथे रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. त्यांनी दिवसाचे २४ तास पंधरा पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत पाडलेले असतात. असे दिवसाला ९६ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात कोणतं केंद्र किती वीज देणार आणि कोणती वितरण कंपनी किती घेणार, हे आदल्या दिवशीच लिहून ठेवतात. यालाच वेळापत्रक किंवा शेड्यूल म्हणतात.

कोळशाच्या केंद्राला वेळापत्रक देणं सोपं आहे. डहाणूचं औष्णिक केंद्र घ्या. कोळसा आहे, बॉयलर तापलेला आहे, तर उद्या दुपारी दोन वाजता किती वीज देणार हे ते आज सांगू शकतं. तारापूरची अणुवीज भट्टीही एकदा चालू असली की दिवसरात्र साधारण एकसारखी चालते. पण उन्हाचं आणि वाऱ्याचं तसं नाही. त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे आणि जवळच ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. तिथे भर दुपारी एक मोठा ढग आला की पाचदहा मिनिटांत सौर वीज निम्म्यावर येऊ शकते. वारा पडला की पाती थांबतात. ढग किंवा वारा कुणाची परवानगी घेऊन येत नाही.

आपल्या देशात जाळ्याला जोडलेल्या पवनचक्क्यांची सुरुवात १९८६ च्या सुमारास झाली, आणि त्यात आपला कोकण किनाराही होता. त्या वेळी त्यांची वीज एवढी थोडी होती की तिच्या चढउताराने जाळ्याला काही फरक पडत नव्हता. विहिरीतून एक घागर कमी काय, जास्त काय! आता हजारो मेगावॅट वीज ऊन आणि वाऱ्याची आहे. म्हणून अंदाज बांधणं भाग पडलं.

हा अंदाज कसा बांधतात? आपण पेरणीआधी आभाळ पाहतो, वाऱ्याची दिशा पाहतो, तसंच हे आहे, पण यंत्रांच्या मदतीने. हवामानाची गणितं मोठ्या संगणकांवर मांडतात. इन्सॅट मालिकेतील उपग्रह ढगांची चित्रं पाठवतात, त्यावरून ढग कोणत्या दिशेने सरकतो आहे हे दिसतं. प्रकल्पाच्या जागेवर ऊन मोजणारी, वारा मोजणारी उपकरणं बसवलेली असतात. मागच्या वर्षी याच दिवसांत किती वीज निघाली होती, तेही पाहतात. हे सारं एकत्र करून उद्याच्या ९६ तुकड्यांपैकी प्रत्येकात किती वीज निघेल याचा आकडा काढतात.

पण नुसता अंदाज सांगून भागत नाही. चुकला तर कोण जबाबदार? त्यासाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८ साली सौर आणि पवन वीज निर्मितीसाठी पूर्वानुमान, वेळापत्रक आणि तफावतीचा हिशेब यांचे नियम केले. या नियमांनी ठरवलं की सौर व पवन प्रकल्पांनीही आदल्या दिवशी वेळापत्रक द्यायचं. हवा बदलली तर दीड दीड तासाच्या टप्प्याने, दिवसात जास्तीत जास्त १६ वेळा, ते दुरुस्त करता येतं. एका उपकेंद्राला जोडलेल्या अनेक मालकांच्या वतीने हे काम करायला एक समन्वयक संस्था नेमायची. आणि अंदाज फार चुकला तर पैसे भरायचे.

"फार चुकला" म्हणजे किती, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, २० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्याने सांगितलं, दुपारी १२ ते सव्वाबारा मी १६ मेगावॅट देईन. ढग आला आणि प्रत्यक्षात मिळाले १२. फरक पडला ४ मेगावॅटचा. २० मेगावॅट क्षमतेशी तुलना केली तर चूक झाली २० टक्के. २०१८ च्या नियमांत १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ धरली होती, कारण निसर्गाची एवढी लहर मान्य केलीच पाहिजे. वरच्या ५ टक्क्यांचा, म्हणजे १ मेगावॅटचा, हिशेब करायचा. पाव तासात १ मेगावॅट म्हणजे २५० युनिट. त्याला युनिटमागे ५० पैसे, म्हणजे १२५ रुपये. चूक २५ टक्क्यांच्या वर गेली तर वरच्या भागाला १ रुपया आणि ३५ टक्क्यांच्या वर गेली तर दीड रुपया, असा चढता दर होता. आणि सांगितल्यापेक्षा जास्त वीज दिली तरीही ती चूकच धरायची! कारण पाटात अचानक जास्त पाणी सोडलं तरी बांध फुटतोच.

आता तुम्ही म्हणाल, अंदाजाचा एवढा खटाटोप करून उपयोग होतो का? होतो. त्याचा दाखला आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे. ५ एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदीचे दिवस होते. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. त्या वेळी देशाची विजेची मागणी थोड्या मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि लगेच परत वर गेली. एवढा धक्का अचानक बसला असता तर जाळं कोसळलं असतं. पण दिवस आणि वेळ आधी माहीत होती. भार प्रेषण केंद्रांनी तयारी केली. जलविद्युत केंद्रं आधी जोरात चालवून ठेवली, दिवे विझू लागले तशी ती झपाट्याने उतरवली, आणि पुन्हा चढवली. देश अंधारात गेला नाही. त्या रात्री मागणी किती घटेल याचा आकडा काही नेमका जमला नव्हता, प्रत्यक्षातली घट अंदाजाहून बरीच जास्त निघाली. तरीही वेळ माहीत असल्यामुळे निभावलं. आधी कळलं की संकटाची कामगिरी होते, ती अशी.

सौर वीज रोज असाच चढउतार करते. सकाळी आठ नऊपासून ती वाढत जाते, दुपारी भरपूर असते आणि दिवेलागणीला, नेमके सगळे दिवे पंखे चालू करतात तेव्हा, शून्यावर येते. ती पोकळी भरायला पाण्याची वीज लागते. कोयनेची १,९०० मेगावॅटहून जास्त क्षमता त्यासाठी मोलाची आहे, कारण पाण्याचं यंत्र काही मिनिटांत चालू होतं. आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याच्या डोंगरात, घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. तिथे खाली एक धरण आणि वर एक धरण आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, वीज कमी पडेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. म्हणजे वीज साठवता येत नाही, पण तिच्या जिवावर पाणी साठवता येतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण शेतकऱ्याने करायचं ते हेच आहे.

आता आपल्या पंपाकडे येऊ. पूर्वी शेतीला बऱ्याच ठिकाणी रात्रीची वीज मिळे, कारण रात्री कारखाने आणि कचेऱ्या थंड असत आणि वीज उरत असे. शेतकऱ्याने मात्र बॅटरी घेऊन रात्री विहिरीवर जायचं. साप, विंचू, ओल्या हाताने दाबलेली खटकी, आणि तुंगारेश्वरच्या बाजूला बिबट्याची धास्ती वेगळीच. सौर वीज आल्यावर हे चित्र उलटं करता येऊ लागलं. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि प्रारंभी राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही गावं घेतली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आहे. कल्पना साधी आहे. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला, म्हणजे फीडरला, दिवसा द्यायची. म्हणजे दिवसाची वीज हा काही उपकार नव्हे. दुपारच्या उन्हाला गिऱ्हाईक पाहिजे आणि शेतीचा पंप हे त्याचं सर्वांत चांगलं गिऱ्हाईक आहे. पिकाला पाणी अकरा वाजता दिलं काय, एक वाजता दिलं काय, बिघडत नाही. दवाखान्याला किंवा लोकलगाडीला असं थांबता येत नाही.

पण यात एक गोम आहे. पंपाने दिवसा वीज घ्यायची असं ठरलं आणि आपण पंप संध्याकाळी सातला चालू केले, तर वेळापत्रक आपणच मोडतो. तेव्हा गावाच्या पातळीवर काय करायचं, ते आता सांगतो.

एक. आपल्या पंपाचं माप घ्या. हजार लिटरची टाकी भरायला किती मिनिटं लागतात, हे घड्याळ लावून एकदा पाहा. दहा गुंठे भाजीला रोज ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं तर ५,००० लिटर होतात. एकराला २०,००० लिटर. तुमचा पंप हजार लिटर पाच मिनिटांत देत असेल तर ठिबकवरच्या एका एकराला शंभर मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासही लागत नाहीत. पाटाने देत असाल तर जास्त लागेल. हे गणित हातात असलं की वीज रात्रभर पाहिजे, ही भीती जाते.

दोन. वीज असेल तेव्हा पाणी वर चढवून ठेवा. शेताच्या उंच कोपऱ्यावर टाकी असली की घाटघरचं तंत्र तुमच्या वाडीत आलं. दुपारी टाकी भरा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर नळी सोडा. पिकालाही तेच मानवतं आणि बाष्पीभवन कमी होतं.

तीन. पंपाची ऑटो खटकी काढून टाका. वीज गेलेली परत येते तेव्हा डीपीवरचे सगळे ऑटो पंप एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सहा पट करंट ओढते. १०० केव्हीएच्या डीपीवर पाच अश्वशक्तीचे १२ पंप एरवी आरामात चालतात, पण ते एकाच क्षणी सुरू झाले तर फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. मग आठवडाभर सगळेच बसा! त्यापेक्षा एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून पाळी ठरवा. वीज आली की पहिला पंप याचा, दोन मिनिटांनी दुसरा त्याचा. हेच तुमच्या गावचं वेळापत्रक आणि तुम्हीच त्याचे पाटकरी.

चार. पंपाला कपॅसिटर बसवा. तीन अश्वशक्तीला १ केव्हीएआर, पाचला २ आणि साडेसातला ३, असं साधारण प्रमाण आहे. त्याने तारेवरचा फुकटचा भार कमी होतो आणि टोकाच्या पंपालाही दाब मिळतो. जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

पाच. आभाळाचा अंदाज तुम्हीही घ्या. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मोबाइलवर मेघदूत ॲपवरही मिळतो. दोन दिवस ढगाळ असणार असं कळलं तर आजच टाकी भरून ठेवा. आणि पाऊस येणार असेल तर पंप चालूच करू नका. न वापरलेली वीज हीसुद्धा वाचलेली वीजच.

ज्यांच्याकडे विजेची जोडणी नाही पण पाण्याची शाश्वत सोय आहे, त्यांच्यासाठी "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना आहे. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरापर्यंत पाचचा आणि त्यावर साडेसातचा पंप मिळतो. हा पंप जाळ्याला जोडलेला नसतो. त्याचं वेळापत्रक फक्त सूर्य ठरवतो. अकरा ते दोन या वेळात तो सर्वांत जास्त पाणी देतो. रस्त्याची धूळ आणि वीटभट्टीची राख पॅनेलवर बसली की पाणी कमी होतं. म्हणून सकाळी, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने पुसा.

शेवटी आणखी एक प्रश्न नेहमीचा. घराच्या छपरावर सोलर आहे, ऊन लख्ख पडलंय, पण गावातली वीज गेली की सोलरही बंद. हे बिघडलं आहे का? नाही. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढतो. त्याच वेळी तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून जाळं बंद पडलं की यंत्र आपोआप थांबतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा खांब आणि तारा ठिकठिकाणी पडल्या होत्या. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्या माणसाला तारेत वीज नाही याची पक्की खात्री पाहिजे. डिझेल जनरेटर असेल तर तोही चेंजओव्हर स्विच लावल्याशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका. तुटलेली तार दिसली तर हात लावू नका, गुरांना जवळ जाऊ देऊ नका आणि १९१२ या क्रमांकावर कळवा.

मंडळी, पावसाळ्यात आपल्याकडे ऊन कमी असतं, पण त्याच दिवसांत सह्याद्रीच्या पठारांवर वारा जोरात वाहतो आणि पवनचक्क्या जास्त वीज देतात. निसर्गाने एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची सोय केलेली आहे. माणसाने फक्त त्याची चाल आधी ओळखायची आणि आपलं काम त्या चालीला जुळवायचं. नक्षत्र पाहून राब टाकणाऱ्या आणि पावसाचा रंग पाहून आवणीचा दिवस ठरवणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. शेतात आपण ते पिढ्यान् पिढ्या करत आलो. आता पंपाच्या खटकीपाशी करायचं, एवढंच.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. पंपाचं माप घ्या आणि डीपीवरच्या शेजाऱ्यांना बोलावून पाळी ठरवा. पाण्याच्या हिशेबात अडचण आली तर तालुका कृषी कार्यालयात या, डीपीची अडचण असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात सर्वांनी मिळून लेखी अर्ज द्या. एकट्याच्या तोंडी तक्रारीपेक्षा बारा जणांच्या सहीचा कागद लवकर हलतो.